जुगाराच्या टेबलावरून प्रेक्षकाच्या हातात : पत्त्यांच्या क्लोज-अप जादूची पार्श्वभूमी

प्रेक्षकाला एक पान ओढायला लावायचं, ते कॅटमध्ये हरवायचं, पत्ते पिसायचे आणि तेच पान भलत्याच ठिकाणाहून काढून दाखवायचं. जवळून जादू दाखवणारा कलाकार आज हे सहज करतो, पण यातली बरीचशी हातचलाखी जादूसाठी जन्मलेली नाही. ती जुगाराच्या टेबलावरून आली आहे. गंमत अशी की जुगारी आणि जादूगार यांची गरज एकमेकांच्या नेमकी उलट असते. वरून पान वाटल्यासारखं दाखवून खालचं पान सरकवणाऱ्याला, काही घडलं आहे याचाच पत्ता कुणाला लागू द्यायचा नसतो. जादूगाराला मात्र काहीतरी अशक्य घडलं हे समोरच्याला लख्ख कळवायचं असतं; फक्त कसं घडलं ते झाकायचं असतं. माझ्या मते या कलेचा इतिहास हा मुख्यतः ही उसनी हत्यारं उलट्या कामासाठी वळवून घेण्याचा इतिहास आहे.

युरोपात पत्ते पोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १३७७ साली फ्लॉरेन्समध्ये पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घालणारा हुकूम निघाला होता, म्हणजे पत्ते आले आणि त्यांच्यामागोमाग पैशांचे डावही आले. लबाडीला वेळ लागला नसणारच. कॅराव्हॅज्जिओने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात एक तरुण पाठीमागे कमरेला खोचलेलं पान हळूच ओढतो आहे आणि त्याचा साथीदार समोरच्या भोळ्या पोराच्या हातातली पानं पाहून बोटांनी खूण करतो आहे. तंत्र बाळबोध आहे, पण पुढच्या चारशे वर्षांतले सगळे धागे त्या टेबलावर दिसतात.

छापील पुराव्यांमध्ये १५८४ हे साल महत्त्वाचं. त्या एकाच वर्षी ल्यों शहरात ज्याँ प्रेव्हो याचं जादूच्या प्रयोगांवरचं फ्रेंच पुस्तक आलं आणि लंडनमध्ये रेजिनल्ड स्कॉटचा चेटूकविद्येवरचा जाडजूड ग्रंथ. स्कॉट जादूगार नव्हता. चेटकीण म्हणून बायाबापड्यांना फासावर लटकवणं हा मूर्खपणा आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. लोकांना चमत्कार वाटणाऱ्या गोष्टी निव्वळ हातांच्या कसबाने होतात हे दाखवण्यासाठी त्याने गारुड्यांचे प्रयोग फोडून सांगितले, आणि त्यांत पत्त्यांचे प्रयोगही आहेत: कॅटच्या तळाचं पान पाहून ते पिसण्यात ‘हरवून’ ओळखणं, चार एक्के हातात देऊन त्यांचे चार गुलाम करणं. पत्ते पिसताना एक पान आपल्या ताब्यात ठेवणं हाच सगळ्याचा पाया, असं तो सांगतो. हा पाया आजही हललेला नाही. त्याच ओघात तो वाचकाला अनोळखी माणसांबरोबर पत्ते खेळण्यापासून सावध करतो, विशेषतः जो भोळा किंवा झिंगलेला दिसतो त्याच्यापासून. जादू आणि लबाडी त्याच्या दृष्टीने एकाच पानावरच्या दोन गोष्टी होत्या.

पुढची दोनेक शतकं पत्त्यांची जादू जत्रेत, खानावळींत आणि हळूहळू रंगमंचावर वावरली. अठराव्या शतकात पिनेत्तीसारखे कलाकार पिस्तुलाच्या बाराने प्रेक्षकाचं पान भिंतीला खिळवून टाळ्या घेत. दिमाख भरपूर, पण ही दुरून बघायची जादू.

या टप्प्यावर एक गोष्ट बरेचदा सुटते, ती म्हणजे खुद्द पत्ते. त्या काळच्या पानांच्या पाठी बहुधा कोऱ्या असत, कोपऱ्यात आकडा किंवा रंगाची खूण नसे, आणि राजा-राणी-गुलामांची चित्रं एकाच दिशेने उभी असत. कोपऱ्यातल्या खुणा रूढ झाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे पानाचा कोपरा क्षणभर किंचित वाकवून ते ओळखणं, किंवा प्रेक्षकाला कॅटच्या कडेतून एकच पान डोळ्यांनी निवडायला लावणं, ही आज नित्याची वाटणारी तंत्रं आधी जवळपास अशक्य होती. पाठीवरच्या नक्षीभोवतीची पांढरी किनारही तशीच कामाची: उलटं ठेवलेलं पान पसरलेल्या कॅटमध्ये त्या किनारीमुळे नजरेआड राहतं. अमेरिकेत १८८५ पासून निघालेले ‘बायसिकल’ पत्ते जादूगारांच्या हातात इतके रुळले ते काही केवळ दिसायला चांगले म्हणून नव्हे.

क्लोज-अपचा खरा उगम मात्र मला व्हिएन्नात दिसतो. योहान नेपोमुक होफझिन्झर (१८०६–१८७५) हा अर्थखात्यातला सरकारी नोकर. १८५७ पासून तो निवडक, सुशिक्षित पाहुण्यांसाठी दिवाणखान्यात प्रयोग करू लागला, आणि सरकारी नोकराने तमाशे करणं शोभत नाही म्हणून प्रयोग बायकोच्या नावावर चालत. त्याआधी पान सापडलं की प्रयोग संपे. होफझिन्झरने पानांना पात्रं केलं. कुठलं पान कुणाकडे जातं, का जातं, कुणाला सोडून जातं याला त्याच्याकडे गोष्ट असे, आणि ती गोष्टच हातांना हालचालीचं निमित्त देई. यासाठी त्याने पानं सोलून, चिकटवून खास बनवून घेतली. दोन्ही बाजूंनी चेहरे असलेली पानं वापरली. मरताना त्याने कागदपत्रं जाळायला सांगितले आणि बायकोने ते जाळले, असं सांगतात. जे उरलं ते शिष्यांच्या आठवणींतून आणि पत्रांतून. ओटोकार फिशर याने ते गोळा करून १९१० साली पुस्तकरूपात छापलं. त्यातला चार एक्क्यांचा एक प्रयोग नुसत्या वर्णनाच्या रूपात मागे राहिला, कृतीशिवाय. त्याची उकल शोधण्यात जादूगारांच्या पिढ्या गेल्या.

पॅरिसमध्ये होफझिन्झरचा समकालीन रोबेर-उदँ. घड्याळजी असलेल्या या माणसाने रंगमंचाची जादू सभ्य पोशाखात आणली हे सगळे सांगतात. पण १८६१ साली त्याने पत्त्यांतल्या ठगांच्या क्लृप्त्या उघड करणारं पुस्तकही लिहिलं होतं. जादूगाराने जुगाऱ्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं ते असं.

आता १९०२, शिकागो. एस. डब्ल्यू. एर्डनेस या नावाच्या माणसाने स्वतःच्या खर्चाने एक छोटं पुस्तक छापलं, ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. प्रस्तावनेत तो प्रांजळपणे म्हणतो की पुस्तक खपलं तर लेखकाचा मुख्य हेतू साधेल, कारण त्याला पैशांची गरज आहे. नीतीची शिकवण नाही, पश्चात्ताप नाही. पहिल्या मोठ्या भागात खोटं पिसणं, खालून वाटणं, कापलेला कॅट गुपचूप पूर्ववत करणं. दुसऱ्या भागात जादूगारांसाठीची तंत्रं आणि काही प्रयोग. सोबत शंभराहून अधिक रेखाचित्रं. लिखाण इतकं नेमकं आहे की कुठलं बोट कुठल्या कडेवर हे शब्दांतून हाताला कळतं.

लेखक कोण, हे आजही ठरलेलं नाही. नाव उलटं वाचलं की ‘ई. एस. अँड्र्यूज’ निघतं. गणितावर रंजक लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९४० च्या दशकात पुस्तकाचा चित्रकार मार्शल स्मिथ याला शोधून काढलं. स्मिथला आठवत होता तो हॉटेलच्या खोलीत भेटलेला, मऊ हातांचा, छोट्या चणीचा सभ्य माणूस. गार्डनरचा संशय मिल्टन फ्रँकलिन अँड्र्यूज या खुनाच्या आरोपातल्या जुगाऱ्यावर होता, पण तो भलताच उंच होता. नंतर डब्ल्यू. ई. सँडर्स या खाण अभियंत्याचं नाव पुढे आलं, कारण त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं फिरवली की बरोबर एर्डनेसचं नाव जुळतं. मला स्वतःला या शोधापेक्षा पुस्तकातला एक विचार जास्त मोलाचा वाटतो: पद्धत आणखी सुधारता येत नसेल तर कसबी माणूस क्षण बदलतो. म्हणजे हात आणखी वेगवान करण्यापेक्षा, कुणी पाहत नसेल तेव्हा ती हालचाल करायची. यात जुगाऱ्याची जादूगाराला झालेली सगळ्यात मोठी देणगी आहे. हातचलाखी म्हणजे वेग ही समजूत तिथेच मोडते.

हे पुस्तक कॅनडातल्या ओटावामध्ये एका मुलाने अक्षरशः पाठ केलं. डेव्हिड व्हर्नर त्याचं नाव, जन्म १८९४; पुढे तो डाय व्हर्नन म्हणून ओळखला गेला. पोटासाठी कात्रीने लोकांच्या छायाकृती कापायच्या आणि उरलेला वेळ पत्त्यांना द्यायचा, असा त्याचा क्रम. १९२२ साली शिकागोत त्याची गाठ जगप्रसिद्ध जादूगार हुडिनीशी पडली. एकेकाळी स्वतःला पत्त्यांचा राजा म्हणवणाऱ्या हुडिनीचा दावा होता की कुठलाही प्रयोग तीनदा पाहिला की तो उलगडून दाखवेन. व्हर्ननने त्याला एका पानावर सही करायला सांगितलं, ते वरून दुसऱ्या जागी सरकवलं आणि लगेच सगळ्यात वर आलेलं दाखवलं. पुन्हा केलं, पुन्हा केलं. तीनाच्या कितीतरी पुढे गेल्यावरही हुडिनीला पत्ता लागला नाही. पुढे व्हर्ननच्या जाहिरातींत ‘हुडिनीला फसवणारा माणूस’ हे बिरूद झळकलं. हे ‘वर चढणारं पान’ आजही क्लोज-अप कलाकाराच्या संचातलं जवळजवळ सक्तीचं पान आहे. त्यात कुठलंही अवजार नाही, प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षकाचा संशय आधीपेक्षा घट्ट होतो आणि हवं तितकं लांबवता येतं.

व्हर्ननची जुगाऱ्यांमागची भटकंती तर कादंबरीत शोभावी अशी. पत्ते कापल्यावर तळाला जमवलेली पानं मधोमध जातात, त्यामुळे खालून वाटण्याची लबाडी प्रामाणिक कापणीपुढे हरते. मग कुणी थेट मधलंच पान वाटू शकला तर? बहुतेकांच्या मते ती दंतकथा होती. १९३२ साली कॅन्ससमधल्या विचिटाच्या तुरुंगातल्या एका कैद्याकडून व्हर्ननला कळलं की असा माणूस खरोखर आहे. ऐन मंदीत, खिशात फारसं काही नसताना तो शोधत निघाला आणि मिझुरीतल्या प्लेझंट हिल या छोट्या गावात त्याला ॲलन केनेडी भेटला. केनेडीने ते करून दाखवलं. आता प्रश्न असा की जादूगाराला याचा उपयोग काय? खरं सांगायचं तर फारच थोडा. इतक्या कष्टाने मिळवलेली अदृश्य हालचाल प्रेक्षकाला दिसतच नाही. पण अशा शोधातून व्हर्ननने जे घेतलं ते वेगळं होतं: पत्ते हाताळताना हात नेहमी जसे असतात तसेच दिसले पाहिजेत. त्याच्या आधीचे कलाकार पानं फुलवत, उडवत, बोटांची कसरत दाखवत. व्हर्नन पत्ते जवळपास आळसाने धरायचा. चाळिशीच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका प्रयोगात अर्धे पत्ते सुलटे, अर्धे उलटे असे बेफाम मिसळतात आणि क्षणात सगळे एका दिशेला येतात, प्रेक्षकाचं पान तेवढं उलटं राहतं. त्यामागचं कसब सरळ जुगाऱ्याचं. फक्त ते एका झिंगलेल्या माणसाच्या गोष्टीत दडवलेलं. १९६३ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘मॅजिक कॅसल’ हा जादूगारांचा क्लब सुरू झाला तेव्हापासून तो तिथेच ठाण मांडून बसला आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत शिकायला येणाऱ्यांच्या हालचाली दुरुस्त करत राहिला.

शिकागोचा एड मार्लो याच सुमारास वेगळ्या वळणाने चालला होता. एकेका तंत्राचे डझनावारी प्रकार शोधायचे, छापायचे, वाद घालायचे. त्याचं लिखाण प्रचंड आहे. प्रेक्षकांपेक्षा जादूगारांसाठी जास्त, असं म्हटलं तर त्याचे चाहते रागावतील.

दरम्यान हातांवरचं ओझं हलकं करणारी एक गणिती शाखा फुटली. १९४२ मध्ये पॉल करीने असा प्रयोग रचला की प्रेक्षक पानं न पाहता केवळ मनाच्या कौलाने काळी आणि लाल वेगळी करतो, आणि ती खरंच वेगळी निघतात. १९५८ मध्ये नॉर्मन गिलब्रेथने दाखवलं की लाल-काळी पानं आळीपाळीने लावली, काही पानं एकेक करून टेबलावर मोजली आणि ती गड्डी उरलेल्या गड्डीत एकदा फर्र करून पिसली, तरी वरून घेतलेल्या प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळं असतंच. म्हणजे पिसायला प्रेक्षकाच्याच हातात द्यायचं! स्कॉटलंडच्या ॲलेक्स एल्म्स्लीने, जो पेशाने संगणकतज्ज्ञ होता, एकाआड एक पान बरोब्बर गुंफणाऱ्या पिसण्याचा द्विमान (फक्त ० आणि १ च्या) अंकांशी असलेला संबंध उलगडला; सगळ्यात वरचं पान दर वेळी वरच ठेवलं तर अशा आठ पिसण्यांनंतर बावन्न पानं मूळ क्रमावर येतात. चार पानं मोजताना एक पान लपवण्याची त्याची रीत इतकी पसरली की मूठभर पानांच्या प्रयोगांचा एक वेगळा प्रकारच त्यातून उभा राहिला. चौदाव्या वर्षी घर सोडून व्हर्ननसोबत हिंडलेला पर्सी डायाकोनिस पुढे नामवंत गणिती झाला, आणि १९९२ मध्ये त्याने डेव्ह बायरबरोबर सिद्ध केलं की कॅट नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. ज्यांना कमी वेळा पिसलेल्या कॅटमध्ये क्रमाचे अवशेष उरतात हे माहीत असतं, त्यांच्यासाठी ही बातमी नव्हती. पण आता तिला आकडा मिळाला.

प्रेक्षकाच्या डोक्याकडे सर्वांत बारकाईने पाहिलं ते स्पेनने. माद्रिदचे वकील आर्तुरो दे आस्कानिओ (१९२९–१९९७) यांनी मांडलं की गुप्त कृती दुसऱ्या मोठ्या, सकारण कृतीच्या वाटेवर घडली की मन तिची नोंद करत नाही. १९४२ साली जन्मलेल्या हुआन तामारिझने हा धागा आठवणींपर्यंत नेला. प्रेक्षक मनात जे जे खुलासे रचतो ते एकेक करून वाटेत निकाली काढायचे, म्हणजे शेवटी त्याच्याकडे परतायला रस्ता उरत नाही. त्याने बावन्न पानांचा असा पाठ करायचा क्रमही बांधला की नव्या कॅटपासून ठरावीक रीतीने पिसत तिथवर पोचता येतं. अर्जेंटिनाच्या रेने लव्हांदने (१९२८–२०१५) तर उपलब्ध सगळी पुस्तकं निरुपयोगी ठरवली, कारण ती दोन हातांसाठी होती. नऊ वर्षांचा असताना अपघातात त्याचा उजवा हात गेला होता. एका डाव्या हाताने, प्रत्येक फेरीला आणखी संथ होत, यापेक्षा सावकाश करता येत नाही असं म्हणत तो लाल-काळी पानं एकाआड एक लावायचा आणि ती पुन्हा वेगळी झालेली दाखवायचा. जुगाऱ्याचा वेग इथे पूर्णपणे गळून पडला.

१९९७ मध्ये अमेरिकी जादूगार डेव्हिड ब्लेनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने कॅमेरा कलाकाराऐवजी बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर वळवला. प्रयोग जुनेच होते, बरेचसे कुठल्याही नवशिक्याच्या पुस्तकात सापडणारे. पण रस्त्यावरचा माणूस किंचाळत पळतो हे दिसल्यावर जादू त्या माणसात घडते, हे कोट्यवधींना पहिल्यांदा दिसलं. त्यामागोमाग इंटरनेटवरच्या छोट्या चित्रफिती आल्या आणि एक जुनी अडचण नव्याने उभी राहिली. एर्डनेसचा सल्ला क्षण बदलण्याचा होता, पण भिंगाचं लक्ष विचलित होत नाही, आणि चित्रफीत थांबवून मागे नेता येते. त्यामुळे कॅमेऱ्यासाठीची तंत्रं वेगळी होऊ लागली: एकाच कोनातून अभेद्य, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मात्र उघडी. समोर माणूस बसवून जादू करणाऱ्यांना त्यांतली बरीचशी बिनकामाची वाटतात, आणि त्यांचं फारसं चुकतं असं मला वाटत नाही.