पोलिसांपुढची कबुली आणि मेमोरंडम पंचनामा

‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली आणि लपवलेला कोयताही काढून दिला.’ खुनाच्या बातमीत या दोन गोष्टी जोडीने येतात आणि वाचणारा त्या एकच समजतो. कोर्टात मात्र दोन्हींची गत अगदी वेगळी होते.

पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं आहे. पोलीस कोठडीत असताना इतर कुणाजवळ दिलेली कबुलीही, तिथे दंडाधिकारी हजर नसतील तर, बाद. कोठडीत मारून, धमकावून माणसाकडून काहीही वदवून घेता येतं, म्हणून हा नियम. त्यामुळे गुन्हेगार मोकाट सुटतात अशी ओरड नेहमी होते. मला तर हा नियम आपल्या फौजदारी कायद्यातल्या सर्वांत मोलाच्या नियमांपैकी एक वाटतो.

त्याला एक अपवाद आहे, जुनं कलम २७. आरोपी कोठडीत दोन पंचांसमोर सांगतो, ‘कोयता अमुक ठिकाणी दडवलाय, चला, दाखवतो.’ हे निवेदन लिहून घेतात, तोच मेमोरंडम पंचनामा. मग सगळे गाडीतून तिथे जातात, आरोपी जागा दाखवतो, वस्तू निघते, जप्तीचा पंचनामा होतो आणि पंचांच्या सह्यांचं लेबल लावून मुद्देमाल सीलबंद होतो. आरोपीने सांगितल्यामुळेच वस्तू सापडली असेल, तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येतो.

तेवढाच म्हणजे किती? १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सुरीचं उदाहरण घेऊन हे स्पष्ट केलं. ‘माझ्या घराच्या छपरात लपवलेली सुरी काढून देतो’ हे चालेल. त्याला जोडून ‘याच सुरीने मी त्याला भोसकलं’ असं म्हटलं, तर तो तुकडा गळतो. सुरी छपरात होती आणि ते आरोपीला ठाऊक होतं, एवढंच त्या शोधातून कळतं. ती कुणावर चालली हे नाही. ते सरकार पक्षाने वेगळं सिद्ध करायचं: रक्ताचा अहवाल, जखमांशी मेळ, साक्षीदार. सुप्रीम कोर्ट आजही याच निकालाचा आधार घेतं.

खटल्यात खरी झुंज या पंचनाम्यावरच होते. पंच फितूर होतात. जागा सर्वांना खुली होती, असा बचाव येतो. त्यावर १९९९ मध्ये जीत सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, वस्तू सहज नजरेला पडत होती का, हे पाहायचं. उघड्या रानातही पुरून ठेवलेली वस्तू दडवलेलीच असते.

२०२४ मध्ये बाबू साहेबगौडा रुद्रगौडर खटल्यात त्याच कोर्टाने तपास अधिकाऱ्यांचे कान टोचले. पंचनाम्यावरची सही ओळखली म्हणजे झालं, असं नाही. आरोपी नेमकं काय म्हणाला, हे अधिकाऱ्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं. तिथे ते सांगितलं गेलं नव्हतं. कोर्टाने जप्तीचा पुरावा नाकारला आणि आरोपी निर्दोष सुटले.