कायझेन

कायझेन म्हणजे कामाची पद्धत थोडी थोडी सुधारत जायची, आणि सुधारलेली पद्धत आधी पक्की करून मगच पुढच्या सुधारणेला हात घालायचा, अशी जपानी कारखान्यांत तयार झालेली रीत. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको, तिथे 'या महिन्याचा कायझेन (म्हणजे सुधारणेची सूचना) टाकला का' असं सुपरवायझर सर्रास विचारतो. अलीकडे ऑफिसचं काम आणि घरच्या सवयींसाठीसुद्धा तो वापरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांकडे नवीन मशीन घ्यायला पैसा नव्हता, त्यामुळे आहे त्याच माणसांत आणि आहे त्याच मशीनवर काम कसं सुधारेल हे बघणं भागच होतं. यात अमेरिकेचा हात बराच आहे, हे लोक विसरतात. युद्धकाळात अमेरिकेने सुपरवायझरसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचे कोर्स काढले होते ते युद्धानंतर जपानमध्ये पोचले, १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तिथे क्वालिटी कंट्रोलवर लेक्चर्स दिली, आणि त्याच वर्षी टोयोटा कंपनीचे एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचे कारखाने बघून आले, तिथली कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत १९५१ ला टोयोटात सुरू झाली. १९६२ पासून क्वालिटी सर्कल्स आली, म्हणजे एकाच ठिकाणी काम करणाऱ्यांचे, आपल्या कामातल्या अडचणी मिळून सोडवणारे छोटे गट. जपानबाहेर हा शब्द गाजला तो जपानी सल्लागार मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या 'कायझेन' या पुस्तकानंतर.

आता प्रत्यक्षात काय करतात? समजा एका ऑपरेटरला दर पार्टला पाना घ्यायला दोन पावलं मागे जावं लागतंय, तर पाना हाताशी टांगला की वेळ वाचला, एवढं कुणालाही सुचतं. अडचण पुढे आहे. दुसऱ्या शिफ्टचा माणूस पाना परत टेबलावर टाकतो आणि आठवड्याभरात सगळं पहिल्यासारखं. म्हणून पान्याची जागा ठरवायची, बोर्डावर पान्याचा आकार रंगवायचा म्हणजे नसला की लगेच दिसतो, वर्क इन्स्ट्रक्शन बदलायची आणि तिन्ही शिफ्टला नवीन पद्धत शिकवायची. हे झालं की तेच नवं स्टँडर्ड, पुढची सुधारणा त्याच्यावर. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइची ओनो यांचा भर यावरच होता, आणि माझ्या मते कायझेनचा जीव इथेच आहे, बाकी छोटं पाऊल वगैरे बोलायला सोपं. दुसरं म्हणजे चूक दिसली की दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत बोलवायचा, गरज पडली तर लाईन थांबवायचा अधिकार टोयोटात साध्या कामगाराला असतो. थांबवल्याबद्दल ओरडा खावा लागत असेल तर कोण कशाला दोरी ओढेल?

वैयक्तिक आयुष्यात हे आणताना एक हिशोब सगळीकडे फिरतो, रोज १ टक्का सुधारलात की वर्षात ३७ पट. गणित बरोबर आहे, पण माणसाची सुधारणा चक्रवाढ व्याजासारखी वाढत नाही. टायपिंगचा स्पीड सुरुवातीला भराभर वाढतो आणि मग अडकतो, कुणाचा ३७ पट झालेला ऐकलाय? २१ दिवसांत सवय लागते हेही असंच, ते आलं मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून, आणि त्यांनी लिहिलं होतं ते पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण तेवढे दिवस लागतात याबद्दल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला किती लागतील याचा अंदाज थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ गेला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही, हे 'साखळी तुटली' म्हणून सगळंच सोडून देणाऱ्यांनी वाचावं.

घरातही पान्याचंच तत्त्व चालतं, मनाच्या निश्चयावर सोडण्यापेक्षा वस्तूची जागा बदलायची. बीपीची गोळी विसरते तर ती चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, झोप उशिरा लागते तर फोनचा चार्जर बेडरूमच्या बाहेर. आणि एका वेळी एकच बदल, पाच एकदम सुरू केले तर नक्की कशाने फरक पडला ते कळतच नाही.

टीकाही आहे आणि ती योग्यच आहे. महिन्याला इतके कायझेन असं टार्गेट लावलं की लोक सुधारणेच्या शीटवर जुनाच फोटो 'बिफोर' (आधीचा) म्हणून लावतात, नुसता रंग मारून 'आफ्टर' (नंतरचा) काढतात आणि शीट भरून टाकतात. वाचलेला वेळ कामगाराला मिळायच्या ऐवजी लाईनचा स्पीड वाढवण्यात जातो हा युनियनचा जुना आक्षेप. खुद्द टोयोटात २००२ मध्ये अतिकामाने एका तरुण कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, त्याच्या पत्नीने केस लढवली, आणि २००७ मध्ये नागोयाच्या कोर्टाने क्वालिटी सर्कलसारख्या 'स्वेच्छेच्या' कामाचे तासही कामाचेच धरले. त्यानंतर २००८ पासून टोयोटाने क्वालिटी सर्कलच्या सगळ्या तासांचा ओव्हरटाईम द्यायला सुरुवात केली.