सागरी संग्रहालय

नौकानयन, जहाजबांधणी, आरमार, मासेमारी आणि दर्यावर्दी जीवन यांच्याशी संबंधित वस्तू जतन करून त्या लोकांना पाहण्यास खुल्या करणाऱ्या संस्थेस सागरी संग्रहालय म्हणतात.

अशा संस्थेचा आरंभ केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. रशियाचा झार पीटर द ग्रेट याने जहाजांचे नमुने व आराखडे ठेवण्यासाठी सेंट पीटर्झबर्ग येथे निर्माण केलेल्या दालनाचा उल्लेख १७०९ मध्ये आढळतो व काही अभ्यासक तेथूनच गणना करतात. फ्रान्समध्ये जहाजबांधणीचा अभ्यासक द्युआमेल द्यू मोंसो याने आपला प्रतिकृतिसंग्रह १७४८ मध्ये राजा पंधराव्या लुईला अर्पण केला, त्यावरून हा मान फ्रान्सलाही दिला जातो. तथापि हे दोन्ही संग्रह प्रामुख्याने जहाजे बांधणाऱ्यांच्या उपयोगासाठी आणि शिक्षणासाठी होते. त्यामुळे रशियन दालनाला संग्रहालयाचे रूप मिळाले ते १८०५ हे वर्ष किंवा लूव्हरमधील नाविक संग्रहालयाच्या स्थापनेचे १८२७ हे वर्ष आरंभ म्हणून स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालय १९३७ मध्ये खुले झाले.

प्रत्यक्ष जहाज जतन करणे हे या संग्रहालयांचे सर्वांत कठीण काम होय. स्टॉकहोम येथे १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेले ‘वासा’ हे युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढण्यात आले. लाकूड पोखरणारे सागरी कृमी बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात तग धरत नसल्यामुळे ते बव्हंशी अभंग राहिले होते. मात्र पाण्याने भरलेले लाकूड वाळताना आक्रसून तडकते. म्हणून त्यावर सुमारे १७ वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा फवारा मारण्यात आला, जेणेकरून पाण्याची जागा या मेणासारख्या द्रव्याने घ्यावी. तरीही लाकडात मुरलेले गंधक आणि गंजलेल्या खिळ्यांतील लोह यांमुळे आम्ल तयार होत असल्याचे २००० च्या सुमारास दिसून आले. हवेतील आर्द्रता काटेकोरपणे स्थिर ठेवणे त्यामुळे अत्यावश्यक ठरले आहे. याउलट इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे १९२२ पासून सुक्या गोदीत असलेल्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या ब्रिटिश युद्धजहाजाचे लाकूड वेळोवेळी बदलण्यात आले असून, अशा जहाजाला कितपत मूळचे म्हणावे, हा प्रश्न जाणकारांत चर्चिला जातो.

एका दिवसाच्या भेटीत प्रतिकृतींचे दालन आधी पाहणे श्रेयस्कर, कारण जहाजावर चढल्यानंतर फळ्यांखाली झाकलेल्या फासळ्यांची रचना तेथील उघड्या सांगाड्याच्या प्रतिकृतींतच स्पष्ट दिसते.