गोष्ट फसते ती ऐकणाऱ्यामुळे

छत्तीस प्रश्न विचारा आणि अनोळखी माणसाच्या प्रेमात पडा, असा संदेश अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. त्यामागचा प्रयोग खरा आहे, प्रेमाचा दावा मात्र फुगवलेला. आर्थर आरोन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली तो प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना पाऊण तास दिला. प्रश्न हलकेफुलके सुरू होऊन हळूहळू खासगी होत जायचे आणि उत्तरं दोघांनीही द्यायची. नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. निष्कर्ष एवढाच.

पण गटांसाठी शिबिरं घेणाऱ्यांनी यातून उचललं काय, तर ‘मन मोकळं करा’. सगळा भर बोलणाऱ्यावर, आणि ऐकणारा जणू रिकामं भांडं. मला तर खरी गंमत त्या भांड्यातच दिसते.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी लोकांना आपण थोडक्यात कसे बचावलो याचा एखादा खरा प्रसंग सांगायला लावलं. समोरच्या काही श्रोत्यांना मात्र वेगळंच काम दिलं होतं: ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे शब्द न् शब्द कान देऊन ऐकणं त्यांना भागच होतं, फक्त अर्थात गुंतायला सवड नव्हती.

या श्रोत्यांचं ‘हं’, ‘अच्छा’ म्हणणं कमी झालं. पण खरी गळती झाली ती दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादाची. ‘हं’ गोष्टीत कुठेही चालतं. दचकणं, चेहरा आक्रसणं, सांगणाऱ्याचं अर्धं वाक्य आपणच पुरं करणं, हे त्या-त्या क्षणालाच बसतं. ते जवळपास नाहीसं झालं. आणि मग सांगणारेच ढेपाळले! गोष्ट ऐन रंगात यायच्या जागी, म्हणजे शेवटाला, ती अचानक तुटायची किंवा तिथल्या तिथे घोटाळत राहायची; प्रसंग खरंच कसा जिवावरचा होता याची सफाई सुरू व्हायची. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधात श्रोत्याला ‘सहकथक’ म्हटलं आहे, ते उगाच नाही.

असं का होत असावं? जरा आकड्यांत शिरू. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या २००९ सालच्या अभ्यासात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद भरला. पण चित्रातली वस्तू ओळखून तिचं नाव उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हिशेब जुळायचा तर ऐकणाऱ्याला समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अदमास बांधून, ते संपायच्या आतच आपली जुळवाजुळव करावी लागते. अर्थ लावणं, अदमास बांधणं आणि जुळवाजुळव, तिन्ही एकाच वेळी. वर्तुळात बसलेल्या गटात ‘पुढची पाळी माझी, काय सांगू?’ असं ज्याच्या मनात चाललंय तो, माझ्या मते, ‘टी’च मोजत असतो. मान हलत असते. दचकणं गेलेलं असतं. आणि स्वतःबद्दल नाजूक काही सांगणं हा धोका असतो. तो पत्करलेला माणूस समोर शोधत असतो ते नेमकं हेच दचकणं.

देवाणघेवाण लहान हप्त्यांत बरी, असंही दिसतं. सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या प्रयोगात आळीपाळीने थोडंथोडं सांगणाऱ्या जोड्या एकमेकांना जास्त आवडल्या. आधी एकाने सगळं सांगायचं आणि मग दुसऱ्याने, ही रीत मागे पडली.

हे सगळं कष्टाचं वाटणाऱ्यांसाठी बाजारात ‘विश्वासाचं संप्रेरक’ आहेच. ऑक्सिटोसिन नाकात फवारलं की माणसं जास्त विश्वास टाकतात, असा निष्कर्ष २००५ साली ‘नेचर’मध्ये आला आणि गाजला. २०२० साली जास्त माणसं घेऊन तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा एकंदरीत तसा परिणाम दिसलाच नाही. कुपीवर पैसे घालवायचे तर खुशाल घालवा, पण ताईत बांधण्याहून ते फार वेगळं नाही.

गटाच्या आकाराकडेही बघायला हवं. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली, आपसूक जमणाऱ्या गप्पांच्या कोंडाळ्यांची निरीक्षणं मांडली. एका संभाषणात साधारण चार माणसं टिकतात. पाचवं आलं की बहुधा दोन कोंडाळी होतात. तरीही बारा जणांचं वर्तुळ करून प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं वाटली जातात. त्याऐवजी तिघातिघांचे चार गट केले, तर तेवढ्याच छत्तीस मिनिटांत प्रत्येकाला बारा मिनिटं मिळतात, तीही तुकड्या-तुकड्यांनी, समोर दोनच चेहरे ठेवून.