बांज ओळखायचा तर पान उलटं करा

ओक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते युरोपातल्या चित्रांमधलं पान, कडेला गोलसर खोल खाचा असलेलं. तेच मनात धरून मसुरी, नैनिताल किंवा चोपत्याला गेलात, तर दिवसभर ओकच्या सावलीतून चालूनही ओक दिसणार नाही. पश्चिम हिमालयातल्या ओकच्या पानांना तशा खाचा नसतात. पान लांबट, जाड, चिवट असतं आणि झाड बारा महिने हिरवं.

उत्तराखंडात साधारण १,५०० ते २,३०० मीटर उंचीवर सर्वांत जास्त भेटतो तो बांज. त्याचं पान ६ ते १६ सेंटिमीटर लांब, टोकदार, वरून गडद हिरवं, कडेला करवतीसारखे दाते. खरी खूण मात्र पाठीमागे आहे. पान उलटं केलं की खालची बाजू पांढुरकी दिसते. नखाने हळूच खरवडा, लव निघून खालचा हिरवा रंग दिसू लागतो. क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा या शास्त्रीय नावातही हेच आहे : पांढरे केस धारण करणारा. पानाची रंध्रं, म्हणजे ज्यांतून वाफ बाहेर पडते ती सूक्ष्म छिद्रं, याच बाजूला असतात, त्यामुळे पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत ही लव पाणी फारसं उडून जाऊ देत नाही. वारा सुटला की पानं उलटतात आणि समोरचा अख्खा उतार रुपेरी होतो. बांजाचं रान लांबून ओळखायची यापेक्षा सुंदर खूण नाही.

बांजाचे भाऊबंदही पाठीवरूनच कळतात. मोरू, म्हणजे कुमाऊंतला तिलोंज, याचं जून पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत हिरवं. रियांजच्या पाठीवर पिवळसर तपकिरी, बोटांना मखमलीसारखी लागणारी लव. खरसूची पाठ गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. चोपत्याहून तुंगनाथाकडे चढताना, म्हणजे २,६०० मीटरच्या वर, बुरांशाबरोबर (म्हणजे रोडोडेंड्रॉनबरोबर) दिसतो तो बहुधा खरसूच.

चूक होते ती बहुधा तीन ठिकाणी. वसंतातली कोवळी पालवी गुलाबी-जांभळट आणि दोन्हीकडून लवदार असते, तिच्यावरून निदान करू नये. जनावरांच्या चाऱ्यासाठी बांज वारंवार छाटतात. छाटलेल्या फांदीवर किंवा बुंध्याशी फुटलेली पानं नेहमीपेक्षा मोठी आणि जास्त काटेरी येतात, म्हणून न छाटलेल्या फांदीचं जून पान बघा. झाडाखाली पडलेलंही चालतं, तोडायची गरज नाही. तिसरा चकवा बुरांशाचा. त्याच्याही पानाची पाठ रुपेरी असू शकते, पण कडेला एकही दाता नसतो आणि पानं फांदीच्या टोकाला झुपक्याने असतात.

फळ दिसलं तर ओकच्या कुळाबद्दल शंकाच उरत नाही. टोपीत बसलेलं गुळगुळीत बी, म्हणजे एकॉर्न, ही ओकची सही. बांजाचं एकॉर्न एकेकटं किंवा जोडीने लागतं. कोवळं असताना ते टोपीत पुरतं झाकलेलं असतं, पिकताना बाहेर येतं आणि तपकिरी होतं, तेव्हाही जवळपास निम्मं टोपीतच असतं. फुलं एप्रिल-मेमध्ये येतात, फळ मात्र दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात पिकतं. म्हणून मे महिन्यात फांदीच्या कोवळ्या शेंड्याकडे यंदाचा बहर आणि त्याच्यामागे, गेल्या वर्षीच्या काडीवर, बारीक हिरवी फळं अशी दोन वर्षं एकदम दिसतात. खरसूचं फळ वेगळं : गोल, काळपट, टोपी अगदी उथळ.

सालीवर फार विसंबू नका. बांजाची साल गडद करडी, खरबरीत, भेगाळलेली असते आणि तिचे वेडेवाकडे खपले निघतात. पण जुन्या खोडावर शेवाळ, दगडफूल आणि नेच्यांचा थर इतका जाड असतो, की सालच दिसत नाही. खोडाची कोरडी, उन्हाकडची बाजू शोधा. शेजारच्या बुरांशाची साल तांबूस असते, एवढा फरक तरी तिथे नक्की कळतो.

पडलेली फळं हाती घेतलीत तर बारीक गोल भोक आहे का बघा. ते आतून पोखरून बाहेर पडलेल्या सोंडकिड्याच्या अळीचं असतं. चांगली फळं खिशात टाकून घरी आणू नयेत, वाळली की ती रुजत नाहीत. खरसूचं बी तर एवढंही थांबत नाही. ते ऐन पावसाळ्यात गळतं आणि ओल्या पाचोळ्यावर लगेच मोड काढतं, कधीकधी झाडावर असतानाच.