मोजणीचा नकाशा आणि टोपोशीट: नाशिकच्या नकाशांची दोन घराणी

पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात जमिनीचा एक व्यवहार कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने इथल्या भिक्षूंना २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत दिलं. सहा वर्षांनी, गाव ओस पडलंय आणि शेत कसलं जात नाही म्हणून, त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची १०० निवर्तनं दिली. शेत कुठलं, आधी कोणाकडे होतं, किती होतं, सगळं शब्दांत. आकृती नाही. पुढेही शेकडो वर्षं जमीन ओळखली जायची ती चतुःसीमा सांगूनच.

शेताचा मोजणीचा नकाशा, म्हणजे पहिलं घराणं, आला तो शेतसाऱ्यापायी. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दख्खनचा महसूल कंपनीकडे आला. कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांनी पुणे भागात केलेली पहिली मोजणी फसली. आकारणी भारी होती आणि मापांवर भरवसा नव्हता. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. शेताशेताला नंबर, हद्दीला निशाणी, तीस वर्षांसाठी सारा ठरलेला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

साधन होतं शंकू-साखळी: काटकोन साधायला शंकू, अंतर मोजायला साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातपूर असो की सिन्नर, आजही गुंठ्यात भाव सांगणारा माणूस त्याच साखळीने बोलत असतो.

आता हा नकाशा हातात घ्या. डोंगर आहे की सपाटी, काही कळत नाही, कारण साऱ्याला उंचीशी देणंघेणं नव्हतं. मधे गावठाण कोरं, कारण तिथे शेतसारा नव्हता. तिथल्या घरांची मोजणी ड्रोनने होऊ लागली ती अगदी अलीकडे, २०२० च्या स्वामित्व योजनेच्या सुमारास. शिवाय १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर ठिकठिकाणी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नकाशा आणि आजचा सातबारा समोरासमोर ठेवून डोकं धरणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

दुसरं घराणं लष्करी. १८०२ मध्ये इंग्रज लष्करी अधिकारी लॅम्टन यांनी मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत सर्वेक्षण उत्तरेकडे सरकलं. पुढे ते एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. या कामाच्या पायावर टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, उभी राहिली. तिच्यावर मालक नाही, बांध नाही. आहे ते अक्षांश, रेखांश आणि उंची.

नाशिककरांना या शीटचा एक जाच आहे. २० अंश उत्तर अक्षांश शहरातूनच जातो आणि शीटची कडही नेमकी तीच. पंचवटी ४६ एच या क्रमांकाच्या मालिकेतल्या शीटवर, नाशिक रोड ४७ ई मालिकेतल्या. एका शहरासाठी दोन कागद जोडायचे! त्र्यंबकेश्वरही ४७ ई मध्येच.

प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. जुन्या शीटवर एक इंचाला एक मैल होता, तेव्हा कोपऱ्यातलं प्रमाण पाहिल्याशिवाय पट्टी लावू नये. तपकिरी समोच्च रेषा साधारण वीस-वीस मीटरच्या अंतराने. रेषा खेटून असतील तिथे चढ, विरळ तिथे सपाटी, एवढं शाळेत शिकवतातच. ब्रह्मगिरीवर मात्र त्या एकसारख्या दाटत नाहीत. आधी एकमेकींना चिकटतात, मग मोकळी जागा सोडतात, पुन्हा चिकटतात. लाव्ह्याचे थर एकावर एक बसल्याने सह्याद्री असा पायऱ्यापायऱ्यांचा झाला आहे, आणि ते कागदावर जसंच्या तसं उतरलेलं दिसतं. मोकळी पट्टी म्हणजे माची, चिकटलेल्या रेषा म्हणजे कडा. चढायची वाट त्या रेषा जरा फाकतात तिथे शोधायची.

अलीकडे मोजणीला रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागा टिपणारं यंत्र) येऊ लागला आणि हद्दीच्या निशाणीलाही अक्षांश-रेखांश मिळाले. दोन्ही घराण्यांची सोयरीक व्हायला दोनशे वर्षं लागली म्हणायची. पण साखळीच्या काळातला गटनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की बांध पाच-दहा फूट सरकलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नये. त्या नकाशाला अक्षांश कधी नव्हतेच, कागद आक्रसलेला असतो आणि नक्कल करताना रेघही जाड झालेली असते. रीतसर मोजणीचा अर्ज करावा.