पॅटन, जॉर्ज स्मिथ (तलवारबाज)

(११ नोव्हेंबर १८८५ – २१ डिसेंबर १९४५). अमेरिकी घोडदळ अधिकारी, हौशी तलवारबाज आणि दुसऱ्या महायुद्धातील सेनापती. आपल्याकडे हे आडनाव ओळखीचे आहे ते १९६५ च्या युद्धात पंजाबातील असल उत्तर या गावी भारतीय सैन्याने निकामी केलेल्या पॅटन रणगाड्यांमुळे. रणगाड्याच्या कितीतरी आधी ते एका तलवारीला चिकटले होते.

पॅटन १९०९ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून बाहेर पडला. गणित कच्चे असल्याने तेथले पहिले वर्ष त्याला पुन्हा काढावे लागले होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन (नेमबाजी, तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी आणि धावणे अशी पाच प्रकारांची स्पर्धा) प्रथमच खेळवले गेले. त्यात तो पाचवा आला. पहिले चौघे स्वीडनचे होते. नेमबाजीत तो २१ वा, तर तलवारबाजीत चौथा. फ्रान्सच्या मास लात्रीला त्याने हरवले. ही तलवारबाजी एपे प्रकारातली. एपेत धार नसतेच, फक्त टोक लागले तर गुण, आणि लक्ष्य म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे सबंध अंग. पॅटनचा पुढचा सगळा विचार येथून निघालेला दिसतो.

स्पर्धेनंतर फ्रान्समधील सोम्यूरच्या घोडदळ शाळेत तो शार्ल क्लेरीकडे शिकला. अमेरिकी घोडदळाची तलवार तेव्हा वक्र, वार करण्याची होती. वारासाठी हात वर न्यावा लागतो. तेवढ्यात वेळ जातो, काख आणि छाती उघडी पडते, आणि मनगट किंचित फिरले तरी धारेऐवजी पाते आडवे बसते. टोक मात्र सरळ रेषेत जाते. या युक्तिवादातून १९१३ ची ‘पॅटन तलवार’ घडली : आपल्या धोप तलवारीसारखे सरळ पाते, लांबी सुमारे ८९ सेंमी., पुढची धार पूर्ण लांबीची, मागची अर्धी. पंजा झाकणारी मोठी पोलादी वाटी.

अमेरिकेतील फोर्ट रायली येथील घोडदळ शाळेत तलवारीचा मुख्य शिक्षक असताना त्याने १९१४ ची कवायत-पुस्तिका लिहिली. तिच्यात बचाव जवळजवळ नाहीच. तलवार आणि घोडा ही दोन्ही हल्ल्याचीच हत्यारे. भरधाव घोड्यावर स्वाराने मानेलगत पुढे झुकायचे, हात ताठ ठेवून टोक समोर धरायचे. भोसकण्याचा जोर घोड्याच्या वेगाचा. अवघड काम त्यानंतरचे. घोडा पुढे निघून जातो, पाते शरीरात असते. हात ताठच राहिला तर मनगट मुरगळते किंवा मूठ सुटते. म्हणून घोडा पुढे सरकेल तसा हात मागे सैल सोडून पाते उपसावे लागते.

तलवार उत्तम होती, काळ मात्र मशिनगनचा आला होता. अमेरिकी घोडदळाने १९३४ मध्ये ती बाद केली. खुद्द पॅटनची पहिली चकमक १४ मे १९१६ रोजी मेक्सिकोत झाली. तेथे तो मोटारीतून गेला आणि पिस्तुलाने लढला.